फ्लश टाकी चांगली, सोबतचं पाकीट टाकाऊ

भिंतीवर टांगायची साधी दहा लिटरची प्लास्टिक फ्लश टाकी हल्ली बहुतेक कंपन्यांची बरी येते. एबीएसचं अंग, घट्ट बसणारं झाकण, आतला व्हॉल्व्ह बिघडला तर सुटा मिळतो. खोक्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ७२३१ हा प्लास्टिकच्या टाक्यांचा क्रमांक दिसला की अंगाच्या दर्जाची फार चिंता नको. टाकीला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. पण खोक्याच्या तळाशी जी पिनअप केलेली पिशवी असते, म्हणजे दोन गिट्ट्या (स्क्रूला पकड मिळावी म्हणून भिंतीच्या भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या नळ्या), दोन स्क्रू आणि नशिबात असतील तर दोन वॉशर, तिला एकच गुण. तोही स्क्रूला आटे आहेत म्हणून.

टाकी भिंतीवरून सुटते, एका अंगाला झुकते, तिच्या खालच्या बेंडच्या, म्हणजे भांड्याकडे पाणी नेणाऱ्या वाकड्या पाईपच्या, जोडातून पाणी झिरपतं, या तिन्ही तक्रारींचा उगम बहुतेक वेळा त्या पिशवीत आणि ती वापरण्याच्या घाईत असतो. लोक टाकीला आणि कंपनीला दोष देतात, दुसरी टाकी आणतात आणि तीही त्याच जुन्या, सैल झालेल्या भोकांत टांगतात.

आधी भाराचा हिशेब करू. दहा लिटर पाणी म्हणजे १० किलो, रिकामी टाकी साधारण ३ किलो, एकूण १३. टाकी भिंतीपासून पुढे १५ सेंमी येते असं धरलं तर वजनाचा मध्य भिंतीपासून साडेसात सेंमीवर पडतो. स्क्रू टाकीच्या खालच्या काठापासून ३० सेंमी वर आहेत असं समजा. मग स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारी ताकद १३ गुणिले ७.५ भागिले ३०, म्हणजे सव्वातीन किलो. दोघांत वाटून प्रत्येकी दीड किलोच्या जरा वर. खाली ओढणारा भार प्रत्येकी साडेसहा किलो. धड विटेत बसलेल्या ८ मिमीच्या नायलॉन गिट्टीला हे काहीच नाही.

तरी टाकी सुटते, कारण हा हिशेब नुसत्या पाण्याचा झाला, माणसांचा नाही. देशी भांड्यावरून उठताना गुडघे दुखणारं माणूस हाताला येईल ते धरतं आणि हाताला टाकीचा काठ किंवा बेंड येतो. त्या क्षणी वीसेक किलोचा झटका सरळ पुढच्या दिशेने बसतो. घरात वयस्कर मंडळी असतील तर टाकी कितीही पक्की बसवा, बाजूच्या भिंतीवर स्टीलचा धरायचा दांडा वेगळा लावाच. टाकी हा आधार नाही.

आता पाकिटातल्या वस्तूंकडे. गिट्टी बहुधा ६ मिमीची, अर्धपारदर्शक, नखाने दाबली तर दबते. स्क्रू दीड इंची, पिवळट किंवा चकचकीत मुलामा दिलेला साधा लोखंडी. अडचण मुख्यतः लांबीची आहे. बाथरूमच्या भिंतीचा छेद डोळ्यांसमोर आणा: ८ मिमीची टाइल, तिच्यामागे १२ ते २० मिमी सिमेंटचा थर, मग वीट. पाकिटातली ३० मिमीची गिट्टी टाइलच्या तोंडापासून आत गेली की तिचा पाऊण भाग टाइल आणि माल यांतच अडकतो, विटेला जेमतेम टोक लागतं. त्यात जुन्या कामात टाइलमागे माल सगळीकडे पोचलेला नसतो. बोटाच्या सांध्याने टाइल ठोकून पाहा, काही ठिकाणी आवाज भद्द येतो. तिथे गिट्टीभोवती हवा असते. स्क्रू पिळताना गिट्टी फुगते, पण तिला धरायला काही नसतं, म्हणून ती स्क्रूबरोबर गरगर फिरते. नाहीतर ती टाइलच्या जाडीतच फुगते आणि भोकापासून केसासारखी चीर निघते.

म्हणजे दुकानात जाऊन काय मागायचं ते या छेदावरून ठरतं. गिट्टी नायलॉनची हवी, ८ मिमी जाडीची, किमान ४० मिमी लांब. आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये काढलेली करड्या रंगाची दातेरी गिट्टी आजही याच मापात मिळते आणि पक्क्या विटेसाठी तिच्यात खोट काढायला जागा नाही. त्याच नमुन्याची इतरांची नायलॉन गिट्टीही चालते. पांढरी, मऊ, पिशवीभर स्वस्तात मिळणारी मात्र नको.

स्क्रूची लांबी अशी काढा: टाकीची पाठ आणि वॉशर मिळून ५ मिमी, गिट्टी टाइलच्या तोंडापासून जितकी आत ढकलायची ते १५ मिमी, गिट्टीची लांबी ४० मिमी आणि गिट्टीच्या टोकातून बाहेर यायला स्क्रूच्या जाडीइतके ५ मिमी. बेरीज ६५. म्हणून अडीच इंची, ५ मिमी जाडीचा स्क्रू. दीड इंचीचं इथे काहीच चालत नाही.

दुकानात एक गोंधळ हमखास होतो. गिट्टीचं माप मिलिमीटरमध्ये असतं आणि स्क्रूचं नंबरात. आठची गिट्टी म्हणून आठ नंबरचा स्क्रू घेतला तर तो जेमतेम ४.२ मिमी जाड निघतो आणि ८ मिमीच्या गिट्टीत सैल पडतो, कारण तिला साडेचार ते सहा मिमी जाडीचा स्क्रू लागतो. दहा नंबर म्हणजे ४.८ मिमी, बारा नंबर म्हणजे साडेपाच. दहा किंवा बारा मागा.

स्क्रूचं डोकं चपटं, खालून सपाट हवं. खाली निमुळता होत जाणारा, लाकडात बुडवायचा सीएसके स्क्रू टाकीच्या चावीच्या आकाराच्या भोकात पाचरीसारखा घुसतो आणि प्लास्टिक फाकवतो. त्या भोकाच्या कडेला पांढुरकी रेघ उमटली की समजायचं, टाकीला तडा जायला सुरुवात झाली. डोक्याखाली आधी स्टीलचा वॉशर, त्याखाली रबरी. वॉशर भोकाच्या अरुंद भागापेक्षा रुंद हवा, पण रुंद भागातून मागे जाईल इतका लहान नको. धातू एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टील. जिप्समचे काळे स्क्रू सुताराकडे पडलेले असतात म्हणून प्लंबर तेच मारून मोकळा होतो. ते ठिसूळ असतात आणि ओलीत पटकन गंजतात. संडास धुवायला अ‍ॅसिड वापरत असाल तर त्याच्या वाफेने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, साध्या लोखंडाचं तर विचारूच नका. किनाऱ्यालगत खारी हवा आणि अ‍ॅसिड दोन्ही एकत्र आले की मुलाम्याचा स्क्रू डोक्याखालीच बारीक होत तुटतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि टाकी एका खिळ्यावर लोंबत असते.

जागा आखताना फुटपट्टीपेक्षा बेंडवर भरवसा ठेवा. बेंड भांड्याच्या तोंडात रबरासकट पूर्ण बसवा, टाकी त्यावर ठेवा, दुसऱ्याला धरायला सांगा आणि त्या जागी भोकांच्या खुणा करा. कंपनीच्या कागदावरची उंची प्रत्येक भांड्याला लागू पडत नाही. खुणा करताना लेव्हल बघा. वर झाकण उचलायला हाताएवढी मोकळी जागा आहे का, खिडकीचं पान टाकीला आपटतं का, तेही तेव्हाच पाहा, भोकं पडल्यावर नव्हे. टाकीला पाणी देणाऱ्या भिंतीतल्या नळाच्या, म्हणजे अँगल कॉकच्या सरळ वर आणि खाली भोक घेऊ नका, कॉकला येणारा पाईप बहुधा त्याच उभ्या रेषेत भिंतीत गाडलेला असतो. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाईप ड्रिलला जाणवतसुद्धा नाही. पाणी उडालं की मगच कळतं. टाइलच्या कडेपासून आणि सांध्यापासून २५ मिमी तरी आत राहा.

ड्रिल करताना टाइल संपेपर्यंत हॅमर बंद. खुणेवर चिकटपट्टीची फुली मारा म्हणजे टोक घसरत नाही. साध्या चकचकीत सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकाचा टाइल बिट पुरतो. नव्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइलवर तो बिट नुसता तापतो आणि वितळल्यासारखा बोथट होतो, तिथे हिऱ्याचा कोअर बिट आणि पाण्याची पिचकारी लागते. टाइलमध्ये भोक १० मिमीचं घ्या आणि मागच्या विटेत ८ मिमीचं. मग गिट्टी टाइलला स्पर्श न करता आत सरकते आणि फुगते ती विटेतच. चीर पडण्याचं कारणच उरत नाही. ही एक युक्ती पाळली तर बाकी निम्म्या सूचना विसरलात तरी चालेल.

विटेत शिरल्यावर हॅमर सुरू करायला हरकत नाही. बिटवर ७० मिमीच्या खुणेला टेप गुंडाळा आणि तिथे थांबा. अर्ध्या विटेची भिंत असेल तर पलीकडे खोलीचं प्लास्टर आहे हे ध्यानात ठेवा. भोकातली भुकटी काढणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम. सायकलचा पंप, सॉसची रिकामी बाटली, काहीही चालेल, पण भुकटी बाहेर आली पाहिजे. भुकटीत बसवलेली गिट्टी हाताने ओढली तरी येते. गिट्टी हातोडीने टाइलपर्यंत ठोका, मग स्क्रूच्या मागच्या टोकाने १५ मिमी आत ढकला.

हे सगळं लाल विटेचं झालं. भिंत बदलली की पाककृती बदलते. मुंबई, ठाणे, पुण्याच्या टॉवरांत मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती सबंध काँक्रीटच्या असतात. तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल घाम गाळतं आणि वीस मिमीवर अडकतं. एसडीएस रोटरी हॅमर लागतो. सळई लागली तर जोर करू नका, टाकीची जागाच थोडी सरकवा. भोक पूर्ण खोल झालं की मात्र काँक्रीटइतकी पकड कुठेच नाही, ४० मिमीची गिट्टी निवांत राहते.

एएसी ब्लॉकची, म्हणजे लोक सरसकट सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या ठोकळ्याची भिंत नेमकी उलट. तिथे हॅमर अजिबात लावायचा नाही, भोक कपासारखं रुंदावतं. साधी गिट्टी त्यात फुगते, पण मऊ ठोकळा चुरत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत स्क्रू हलायला लागतो. यासाठी अंगावर वळणदार पाती असलेली एएसीची खास गिट्टी मिळते, ती हातोडीने ठोकून बसवायची आणि तिच्याच मापाचा स्क्रू घालायचा. पातीवाली मिळाली नाही तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून त्यात आट्यांचा दांडा बसवणं.

कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांना चिऱ्याच्या भिंती. जांभा मुळातच जाळीदार, त्यात ८ मिमीचं भोक घेतलं तर आत कधी दगड लागतो, कधी पोकळी, कधी नुसती तांबडी माती. दोन भोकांपैकी एक घट्ट आणि दुसरं ढिलं हे तिथलं नेहमीचं दृश्य. केमिकल अँकर हाच चिऱ्याला सरळ उपाय: जाळीची नळी भोकात घालायची, तिच्यात रसायन भरायचं, ८ मिमीचा आटे असलेला एसएसचा दांडा फिरवत आत सरकवायचा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावायचा नाही. महाग पडतो, नळकांडं उघडलं की बाकीचं वाया जातं, पण दोन टाक्या आणि गिझर असं काम एकाच दिवशी काढलं तर परवडतो. पोकळ सिमेंट ब्लॉकलाही हीच जाळीची नळी. शेतावरच्या किंवा अंगणातल्या सिमेंट शीटच्या संडासात मात्र गिट्टीचा विचारच करू नका: शीट आरपार भोकून बोल्ट घाला आणि बाहेरच्या बाजूला हातभर लांबीची पट्टी लावून नट आवळा.

जुन्या बाथरूमचा आणखी एक त्रास म्हणजे अर्ध्यावर संपणारा डॅडो, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागापुरत्याच लावलेल्या टाइल. टाकीचा खालचा भाग टाइलवर टेकतो आणि वरची स्क्रूची भोकं प्लास्टरसमोर येतात, दोघांत दहा-पंधरा मिमीचा फरक. प्लंबर स्क्रू तेवढा बाहेर ठेवून टाकी लटकवतो. स्क्रू मग वाकतो. स्क्रूवर नायलॉनच्या जाड नळीचा तितक्याच लांबीचा तुकडा चढवा आणि टाकीची पाठ त्यावर टेकवा. उलट प्रकार झाला, म्हणजे टाकीचा खालचा काठ भिंतीला लागलाच नाही, तर वरच्या हिशेबातले ३० सेंमी उरत नाहीत आणि सगळा तोल बेंडवर जातो. बेंडच्या जोडाची गळती रबर बदलूनही थांबत नसेल तर आधी टाकीच्या खालच्या काठामागे कागद सरकतो का ते बघा. सरकला तर तिथे रबराची पट्टी चिकटवा.

टाकी टांगल्यावर स्क्रू हाताच्या पेचकसाने आवळा, ड्रिलने नव्हे. वॉशरखालचं रबर किंचित दबलं की थांबायचं. कनेक्शन पाईप ताणून लावू नका. दीड फुटी पाईप पुरत नसेल तर दोन फुटी आणा, नाहीतर तोच टाकीला एका अंगाला ओढत राहतो. स्क्रूभोवती आणि वरच्या काठाला न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ ओढा. पांढरं सिमेंट नको. ते तडकतं आणि पुढे टाकी काढायची वेळ आली की टाइलचा पापुद्रा घेऊन येतं. पाणी भरा, फ्लश करा, पुन्हा भरा, आणि भरलेल्या टाकीच्या वरच्या काठामागे उजेडाची फट वाढते का ते पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

जुनी भोकं मोठी झाली असतील तर काड्या, कापूस, एम-सील आणि दोरा यांपैकी काहीही आत कोंबू नका. पुढची पायरी १० मिमीची, ५० मिमी लांबीची गिट्टी आणि तिला ६ मिमीचा जाड स्क्रू. मात्र टाकीची भोकं त्या स्क्रूला पुरेशी आहेत का ते आधी तपासा. वीटच चुरलेली असेल तर त्याहून बरा मार्ग म्हणजे २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड स्टेनलेस पट्टी. टाकीच्या पाठीमागे लपेल इतकी लांब कापा, ती चांगल्या जागा शोधून चार ठिकाणी भिंतीत पक्की करा, तिच्यात टाकीच्या मापाने आटे पाडून दोन बोल्ट बसवा आणि टाकी त्यावर टांगा. काही कंपन्या टाकीबरोबर अशीच टांगणीची पट्टी देतात. नवीन घेताना दोन कंपन्यांत निवड करायची असेल तर पट्टीवाली घ्या, वरचे पैसे वसूल आहेत.

कमोडवरच बसणारी सिरॅमिकची टाकी वेगळ्या न्यायाने चालते. तिचं वजन कमोड आणि खालचे दोन बोल्ट घेतात, भिंतीतले स्क्रू फक्त ती डुलू नये म्हणून. टाकी आणि भिंत यांत फट असेल तर ती रबरी तुकड्याने भरून मग स्क्रू लावा. स्क्रूने टाकी भिंतीकडे ओढून फट मिटवायला गेलात तर सिरॅमिक भोकापाशी फुटतं, आणि सुटी टाकी त्याच रंगाची मिळेलच असं नाही. भिंतीत लपवलेल्या टाकीची लोखंडी चौकट हा तर पूर्ण वेगळा विषय. तिच्यावर माणसासकट टांगता कमोड असतो, चांगल्या चौकटी ४०० किलोला तपासलेल्या असतात, आणि तिच्यासोबत येणारे अँकर बोल्ट मात्र बदलायची गरज पडत नाही. तिथे पाकीट फेकू नका.